पट्टीचं पहिलं घर

बाईंचा पहिला फोन आला तेव्हा मी बुलढाण्यात एका दैनिकाच्या कार्यालयात शिक्षण, पंचायत समिती आणि बाजारभाव असे तीन विषय एकटा सांभाळत होतो. त्या दिवशी तालुक्यातल्या शाळांच्या चाचणीचा निकाल छापून आला होता. किती टक्के मुलं कोणत्या श्रेणीत, असा तक्ता होता. फोनवर नाव न सांगता बाईंनी विचारलं, "पान चारवरचा तक्ता कोनाचा?"

"आमचाच."

"त्यातली टक्क्याची बेरीज शंभराच्या वर जाऊन राह्यली."

मी बेरीज केली. जात होती. उद्या दुरुस्ती छापू, असं सांगितलं. एरवी असा फोन इथे संपतो. वाचकाला दुरुस्ती हवी असते, नाहीतर दिलगिरी. बाईंना दोन्हींत रस नव्हता.

"छापा, नाहीतर नका छापू. पन चुकलं कसं ते सांगा."

ते मला माहीत नव्हतं. त्या फोनवर थांबून राहिल्या. शेवटी मी उठून पान लावणाऱ्याकडे गेलो. त्याने तक्त्याची एक ओळ दोनदा घेतली होती. परत येऊन तसं सांगितल्यावर पलीकडून समाधानाचा हुंकार ऐकू आला.

"असंच वाटलं मले. म्हंजे बेरीज येते तुमाले. पान लावता येत नाही." आणि फोन ठेवला.

त्यानंतर महिन्याकाठी एखादा फोन यायचा. दर वेळी काही चुकलेलं असायचं आणि दर वेळी प्रश्न एकच असायचा. कार्यालयात त्यांचा फोन घ्यायला बाकी कोणी तयार नसे. मला मात्र पुढेपुढे, एखादा आकडा चुकीचा गेला आणि बाईंचा फोन आला नाही, तर त्यांची तब्येत बरी आहे ना असं वाटायचं.

बाई देऊळघाटच्या पुढे एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. माहेर डोणगावचं. राहायला बुलढाण्यात. शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी एक तरुण सर बघायचे, तिसरी ते पाचवी बाई. गावात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या पाचवीतल्या मुलींच्या खांद्याला लागत, त्यामुळे नवख्या माणसाला हे नाव थट्टेचं वाटायचं. थट्टेचं नव्हतं. रंग उडालेली छत्री त्या बारा महिने बाळगायच्या, उन्हात आणि पावसात उघडायच्या, आणि एरवी फळ्यावरचं वरचं अक्षर दाखवायला वापरायच्या.

त्यांच्या शाळेत खोडरबर चालत नसे. नवीन मूल दप्तरात खोडरबर घेऊन आलं की तो एका डब्यात जमा व्हायचा आणि वर्ष संपताना परत मिळायचा. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. सगळ्यांच्या वह्या त्यामुळे गचाळ दिसत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर शेरा मारला तेव्हा बाईंनी त्यांना विचारलं, "साहेब, पोट्ट्यानं आदी काय लिवलं होतं तेच पुसून टाकलं, तर मी वाचू काय?"

बरोबर उत्तरांकडे त्या फार लक्ष देत नसत. एक बारीक खूण आणि पान उलटलं. चुकलेल्या उत्तराभोवती मात्र हिरव्या शाईने गोल करायच्या, त्या मुलाला शेजारी बसवून घ्यायच्या आणि विचारायच्या, "हे कुठून आनलं, सांग बरं." रागावून नाही. कोणी गावाहून आणलेलं काही दाखवावं आणि दुसऱ्याने ते हातात घेऊन बघावं, तसा तो सूर असायचा. पोरं सांगायची. नवीन आलेली पोरं पहिले काही दिवस रडायची, मग तीही सांगायची.

उत्तराचा उगम वर्गात सापडला नाही, तर बाई घरी जायच्या. एकदा चौथीच्या पेपरात प्रश्न होता: एका जीपमध्ये आठ माणसं बसतात, तर चाळीस माणसांना किती जीप लागतील? एका मुलीने दोन लिहिलं. बाईंनी तिला चार वेळा विचारलं, मुलगी दोनवर ठाम. संध्याकाळी बाई तिच्या घरी. वडील काळी-पिवळी जीप चालवायचे, देऊळघाट ते बुलढाणा. ते नुकतेच जेवायला बसले होते.

"तुमच्या गाडीत किती बसतेत हो?" बाईंनी दारातूनच विचारलं.

त्या माणसाचा घास हातात राहिला. "काऊन बाई? कोनी तक्रार केली काय?"

"तक्रार नाही. गणित हाय."

"वीस बसतेत. बाजाराच्या दिवशी दोघंतिघं लटकतेत. पन आरटीओले सांगू नका, माय."

बाईंनी वही उघडून तिथेच लिहिलं: उत्तर चूक, हिशोब बरोबर. दुसऱ्या दिवशी त्या त्याच गाडीने शाळेत आल्या आणि उतरल्यावर माणसं मोजली. हे मला त्या ड्रायव्हरनेच सांगितलं. म्हणाला, "मोजून झाल्यावर मले म्हंते कशा, तुमची पोरगी खरी बोलते, तिले जपा."

बाईंचे यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. शांत माणूस. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई आत चहा टाकत होत्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली डोणगावच्या घराचा एक जुना फोटो. यजमान माझ्याकडे थोडं वाकून हळू आवाजात म्हणाले, "चहात साखर कमीजास्त असली तर बोलू नका बरं. मी भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगत नाही. सांगतलं की चौकशी बसते. चमचा कोनता होता, हात ओला होता का, फोन कवा आला होता. जेवन थंड होते."

आतून बाईंनी विचारलं, "काय म्हनून राह्यले ते?"

"चहा मस्त हाय म्हनून राह्यलो," ते म्हणाले. चहा अजून बाहेर आला नव्हता.

शिक्षकांच्या मासिक बैठकीत बाईंच्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी असे. एकेक मुख्याध्यापक उठून आपल्या शाळेचा निकाल सांगे. नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के. टाळ्या होत. मग बाई हात वर करत. "पाच टक्क्याले काय नाही आलं?" सांगणाऱ्याला ते माहीत नसे. केंद्रप्रमुख, म्हणजे त्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे गृहस्थ, घड्याळाकडे बघत आणि पुढच्या शाळेला उभं करत. बाईंच्या शाळेचा निकाल साठ-पासष्टच्या आसपास असायचा. त्या तो वाचून दाखवत, आणि मग कोणत्या प्रश्नाला कोणत्या मुलाने काय वेगळं लिहिलं ते सांगू लागत. त्या वेळी चहा मागवला जाई.

खरं तर बाईंना चाचण्या आवडायच्या. माझ्या ओळखीच्या शिक्षकांपैकी चाचणीची वाट बघणाऱ्या त्या एकट्याच. शासनाकडून येणारी संपादणूक चाचणी ही मुलांना पास-नापास करण्यासाठी नसते. तिसरीच्या मुलाला तिसरीचं गणित किती येतं, वाचता किती येतं, हे सगळीकडे एकाच कागदाने मोजायचं असतं. पण निकालावरून शाळेची आणि तालुक्याची चर्चा होते, म्हणून चाचणीआधी सरावाचे कागद फिरतात, आणि काही वर्गांत उत्तरं फळ्यावर येतात. बाईंना हे समजतच नसे. "ताप मोजाचा म्हंता आन् थर्मामीटर चहात बुडवता. मंग डॉक्टरले काय दाखवता?" असं त्यांनी एकदा भर बैठकीत विचारलं होतं. आणि मला त्या म्हणाल्या होत्या, "आपन काढलेला पेपर आपल्यालेच भुलवते. आपन शिकवलं तेच आपन विचारतो. दुसऱ्याचा पेपर आला की खरं समजते."

चाचणीच्या दिवशी बाहेरून एक अन्वेषक येतो, बहुतेक वेळा अध्यापक विद्यालयातला विद्यार्थी. तो पाकीट फोडतो, वर्गात एकटा थांबतो, पुस्तिका पुन्हा सील करून घेऊन जातो. शाळेच्या शिक्षकाने आत जायचं नाही. बाई आत तर जात नसतच, पण अंगणात, वर्गाकडे पाठ करून, हापशीजवळच्या दगडावर छत्री उघडून बसायच्या. आपल्या तोंडाकडे बघून एखाद्या पोराने उत्तर ओळखू नये, म्हणून. तरुण सरांना त्या त्या दिवशी बाकीच्या मुलांसह गावाबाहेरच्या मारुतीच्या पाराकडे पाठवून देत.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिसरीच्या वर्गाची चाचणी झाली. अन्वेषक म्हणून बुलढाण्याहून एक मुलगी आली होती, डीएडच्या शेवटच्या वर्षाची. सगळं वेळेत पार पडलं. मुलं बाहेर आली तेव्हा बाईंनी विचारलं, कसा होता पेपर. "सोपा होता बाई," मुलं म्हणाली. "पेन्सिल मोजाचा तर लईच सोपा होता."

काही आठवड्यांनी नोटीस आली. गणिताच्या एका प्रश्नात वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकच चुकीचा पर्याय निवडला होता. एरवी चुका विखुरलेल्या असतात. कोणी अ निवडतं, कोणी क. सगळा वर्ग एकाच चुकीवर बोट ठेवतो तेव्हा बाहेरून कोणीतरी ते बोट ठेवायला सांगितलेलं असतं, असं धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. नोटिशीत उत्तर सांगितल्याचा संशय म्हटलं होतं. खुलासा मागितला होता. दुसऱ्या दिवशी एका प्रतिस्पर्धी दैनिकात बातमी आली: जिल्हा परिषद शाळेत सामूहिक कॉपी?

केंद्रप्रमुख स्वतः बाईंच्या घरी गेले. मी तिथे होतो, कारण आमच्या कार्यालयाने मला बाईंची बाजू जाणून घ्यायला पाठवलं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. बाईंना वाचवायला आले होते.

"मोठ्या बाई, तुमाले मे महिन्यात निघाचं हाय. दोन ओळी लिवा. अन्वेषक नवीन होती, वर्गावर तिचा ताबा नव्हता, पोरांनी एकमेकाचं पाह्यलं. विषय संपला."

"ताबा होता तिचा," बाई म्हणाल्या. "पाठ करून बसली होती मी, कान थोडेच बंद करून बसली होती? आवाज नव्हता वर्गात."

"अहो, तिचं काय बिघडते? पोरगी हाय, शिकून राह्यली."

"म्हनूनच."

केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. "तुमी सांगा हो यांले काही." यजमान पाणी आणायला आत गेले ते बाहेर आले नाहीत.

बाईंना संशयाचा राग आला होता का, हे मला सांगता येणार नाही. त्या नोटीस पुन्हा पुन्हा वाचत होत्या, पण त्यांचं बोट दर वेळी एकाच वाक्यावर थांबत होतं. सर्व विद्यार्थ्यांचा समान चुकीचा पर्याय. "सगळ्यांची चूक एकच," त्या म्हणाल्या. "म्हंजे ती पोरांची नाही. पोरांची एकेकाची वेगळी असते. ही कोनाची तरी एकाची हाय." पुस्तिका सील होऊन गेलेली होती, नोटिशीत फक्त प्रश्नाचा क्रमांक होता, इतक्या आठवड्यांनी मुलांना तो क्रमांक आठवत नव्हता, आणि प्रश्न काय होता हे त्यांना दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. चौकशी होईपर्यंत त्यांनी जेवण कमी केलं होतं, असं यजमान मला नंतर म्हणाले.

चौकशीला शिक्षण विस्तार अधिकारी आले. पन्नाशीचे, थकलेले, सौम्य. प्रश्नाच्या पानाची झेरॉक्स त्यांच्या पिशवीत होती. मला त्यांनी व्हरांड्यात बसू दिलं, आत यायचं नाही या अटीवर. बाई आपण होऊन हापशीजवळच्या दगडावर जाऊन बसल्या, पाठ करून.

खिडकी उघडी होती. अधिकाऱ्यांनी पहिल्या बाकावरच्या सम्यक नावाच्या मुलाला जवळ बोलावलं आणि पान समोर ठेवलं. पानावर पट्टीचं चित्र होतं. पट्टीला लागून एक पेन्सिल, शून्यापासून सातापर्यंत. पेन्सिलची लांबी किती? पर्याय होते सहा, सात, आठ, नऊ, आणि सहाभोवती गोल केलेला होता.

"तू सहाला गोल केलंस. कोणी सांगितलं?"

"कोनी नाही."

"मग सगळ्यांचं सहा कसं आलं?"

सम्यकला प्रश्नच कळला नाही. "सहाच हाय ना सर ते."

"हे बघ. पेन्सिल इथून सुरू झाली, इथे संपली. इथे किती लिहिलंय?"

"सात."

"मग?"

"सातातून एक गेला, सहा."

"एक का गेला?"

साहेबांना इतकी साधी गोष्ट माहीत नाही याचा सम्यकला थोडा संकोच वाटला असावा. आवाज खाली आणून तो म्हणाला, "पट्टीचं पहिलं घर खोटं असते, सर. ते मोजाचं नसते."

मागून कोणीतरी सुरात म्हटलं, "पहिलं घर सोडाचं, मागून एक तोडाचं." बाकीचा वर्गही त्यात मिसळला. पाढे म्हणतात तसं त्यांनी ते दोनदा म्हटलं.

अधिकाऱ्यांनी पट्टी मागितली. सम्यकने कपाटातून पत्र्याचा डबा आणला. त्यात शाळेच्या लाकडी फूटपट्ट्या होत्या, फार जुन्या. एकीलाही शून्याकडचं टोक धड नव्हतं. कुठे झिजलेलं, कुठे तुटलेलं, कुठे कोणीतरी ब्लेडने सरळ करून घेतलेलं. एक या आकड्यापासून पुढे मात्र रेघा नीट दिसत होत्या. या शाळेत मुलांनी घरून पट्टी आणायची नाही, असा बाईंचा नियम होता. कोणाकडे असायची, कोणाकडे नसायची, कोणाकडे चित्रांची असायची. म्हणून सगळ्यांनी शाळेचीच वापरायची. तुटक्या पट्टीने बरोबर मोजायचं तर एकपासून लावायचं आणि आलेल्या आकड्यातून एक कमी करायचा. त्यात चूक काहीच नव्हती.

अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पिशवीतली प्लास्टिकची नवी कोरी पट्टी काढली आणि एक खडू दिला. "मोज."

सम्यकने खडूचं टोक एकवर ठेवलं, दुसरं टोक पाहिलं, एक वजा केला आणि उत्तर सांगितलं. अधिकाऱ्यांनी तोच खडू शून्यापासून लावून पाहिला. उत्तर बरोबर होतं. त्यांनी आणखी दोन मुलांकडून मोजून घेतलं. दोघांचंही बरोबर आलं. चित्रातली पेन्सिल तेवढी सरकवता येत नव्हती.

ते बाहेर आले, बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. "कॉपी नाही, बाई."

"ते माहीत हाय मले. चुकलं कसं ते सांगा."

त्यांनी पान पुढे केलं. बाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा ओळखीचं माणूस अवचित समोर आल्यासारखा झाला.

"हे माह्यं हाय," त्या म्हणाल्या. आणि सवयीने पिशवीतून हिरवं पेन काढलं.

"बाई, सरकारी कागद आहे तो," अधिकारी म्हणाले. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

अहवाल व्हरांड्यातच लिहायचं ठरलं. अधिकाऱ्यांनी आधी दुसरी वाट सुचवली. शाळेतली मोजमापाची साधनं सदोष, सबब प्रस्तुत प्रश्न निकालातून वगळावा, असं लिहिता येईल. टक्केवारीही वाढेल, आणि बाईंच्या नावावर काही येणार नाही.

"पट्ट्या तुटक्या होत्या," बाई म्हणाल्या, "डोकं तर साबूत होतं ना माह्यं? तुटकी पट्टी कशी वापराची ते शिकवलं, साबूत कशी वापराची ते राह्यलं. लिवा, शिक्षिकेनं चुकीचं शिकवलं."

"शेवटच्या वर्षी हा शेरा सेवापुस्तकात जाईल."

"जाऊ द्या. वगळलं तर लोक म्हनतीन, कॉपीच होती, दाबली. मंग खोटी पोरं ठरतीन, नाहीतर ती डीएडवाली. चुकली मी हाय."

अधिकाऱ्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मुख्याध्यापिकेने अनवधानाने मापनाची चुकीची पद्धत शिकवली.

"अनवधान काढा," बाई म्हणाल्या. "चांगला विचार करून शिकवलं मी ते. त्याचं गाणं केलं."

अधिकाऱ्यांनी त्या शब्दावर आडवी रेघ मारली. बाईंनी सही केली.

बातमी मी लिहिली. कॉपी झालेली नाही, हे पहिल्या वाक्यात. का नाही, हे दुसऱ्या. सकाळी बाईंचा फोन आला. "बरोबर हाय," एवढंच म्हणाल्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात बातमीबद्दल, तिच्यात चूक नसताना, त्यांनी केलेला तो एकमेव फोन.

पुढच्याच आठवड्यात शाळेत सगळ्यांसाठी नवीन पट्ट्या आल्या, एकाच रंगाच्या. वर्गाला शून्यावर आणणं सोपं गेलं नाही. मुलं खडू एकवरच ठेवायची. सम्यकने उभं राहून विचारलं, "मंग बाई, इतके दिवस पहिलं घर खोटं काऊन होतं?"

"घर खरंच होतं रे. मीच खोटं म्हनत होती."

"तुमाले माहीत नव्हतं?"

"तुटक्या पट्टीच्या पुढं पाह्यलंच नाही मी," बाई म्हणाल्या. त्यावर मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सम्यकने खडू उचलून शून्यावर ठेवला.

हे मला तरुण सरांनी सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की त्या दिवसापासून बाई शाळा सुटल्यावरही बसून राहतात. आधीच्या सगळ्या वर्गांतली मुलं त्यांना आठवू लागली होती. ती हेच शिकून पुढे गेली होती. बहुतेकजण सहावीला देऊळघाटच्या माध्यमिक शाळेत जायची. शनिवारी बाईंचा मला फोन आला. "गाडी हाय काय तुमची? देऊळघाटले जाऊ. पट्टी घेतली मी."

आम्ही मधल्या सुट्टीत पोहोचलो. तिथल्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बाई मैदानाच्या कडेला, निंबाखाली उभ्या राहिल्या. जुन्या विद्यार्थ्यांना बोलवावं लागलं नाही. बाई दिसल्यावर मुलं आपोआप गोळा झाली, बहुतेक मुली, आता बाईंपेक्षा हातभर उंच. पाया पडणं, कशा हाय बाई, हे सगळं झालं. मग बाईंनी नववीतल्या समीक्षाच्या हातात पट्टी आणि खडू दिला. समीक्षाचं घर गावात शाळेच्या मागेच होतं, बाई रोज तिच्या दारावरून जायच्या.

"मोज बरं."

समीक्षाने खडू शून्यावर ठेवला.

बाईंनी खडू दुसऱ्या मुलीकडे दिला. तिनेही शून्यावर ठेवला. तिसरीनेही, आणि खडू पुन्हा समीक्षाकडे आला. बाईंना काही समजेना. समजावून सांगायला म्हणून त्या वाटेत माझ्या पाठीमागे बसून वाक्यं जुळवत आल्या होत्या, मी ती ऐकली होती. आता त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

"हे कोनी शिकवलं तुमाले?"

"सहावीत आलो तवाच समजलं, बाई," समीक्षा म्हणाली. "इथल्या सरांनी पट्टी धराले लावली. लई हसले पोट्टे आमाले."

"मंग मले सांगाले काऊन नाही आली? रोज तर दारात दिसतं तू."

समीक्षाने मैत्रिणींकडे पाहिलं. शेवटी एक लहान मुलगी, सहावीतली, म्हणाली, "ताईनंच सांगतलं होतं, बाईले सांगाचं नाही म्हनून."

"गप बे," समीक्षा म्हणाली.

मग हळूहळू बाहेर आलं. दर वर्षी गावातली नवी मुलं सहावीत आली, की मोठ्या मुली त्यांना पहिल्याच दिवशी बाजूला घेत. इथे पट्टी शून्यापासून लावायची, एक तोडायचा नाही, हे सांगत. आणि गावात गेल्यावर मोठ्या बाईंच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, हेही. समीक्षाला तिच्या आधीच्या मुलींनी सांगितलं होतं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. छत्री उलटी करून तिच्यावर हात टेकून उभ्या होत्या.

"काऊन पन?" त्यांनी विचारलं. वर्गात, मुलाला शेजारी बसवून विचारायच्या त्याच सुरात.

समीक्षाने खडू या हातातून त्या हातात घेतला. "तुमाले वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिचा खडूने पांढरा झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "वाटू द्याचं होतं, माय."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही मुलगी जागची हलली नाही.